भिंतीवरची बुरशी: आधी पाणी शोधा, मग ब्रश हातात घ्या

२०२०च्या उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, घरातले सगळे गच्चीवर पतंग उडवत होते आणि मी बडोद्याच्या समा भागातल्या मावशीच्या हॉलमध्ये एका भिंतीसमोर उभी होते. दिवाळीच्या तोंडावर त्या भिंतीला नवा ऑइल पेंट दिला होता. आता गुडघ्याएवढ्या उंचीवर रंगाला लिंबाएवढा फुगा आला होता. नखाने दाबला तसा तो फुटला आणि तांबूस पाण्याचा ओघळ स्कर्टिंगवर उतरला. रंगाचा पापुद्रा उलटा करून पाहिला, तर आतल्या बाजूला मोहरी सांडावी तसे काळे ठिपके. ३१ जुलै २०१९ला बडोद्यात एका दिवसात सुमारे ५०० मिलिमीटर पाऊस झाला होता. त्या वेळी घरात शिरलेलं पाणी साडेपाच महिन्यांनीही भिंतीतून गेलं नव्हतं, कारण आम्ही त्याच्यावर रंगाचं झाकण लावलं होतं.

ऑगस्ट २०२४ला, जन्माष्टमीच्या सुमारास, विश्वामित्री नदीने पुन्हा पात्र सोडलं. त्याच हॉलमध्ये तीन फूट पाणी आलं. या खेपेला आम्ही दिवाळीला भिंत तशीच उघडी ठेवली आणि रंग दिला तो पुढच्या एप्रिलमध्ये. ती भिंत आज कोरडी आहे. या दोन वेळांमध्ये जे शिकले ते इथे सविस्तर मांडते आहे. पुराचं पाणी ज्यांच्या घरात आलं नाही, पण कपाटामागे किंवा बाथरूमच्या छताला दर पावसाळ्यात काळं येतं, त्यांनाही हे लागू आहे.

मूळ गोष्ट साधी आहे. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते घरातून हाकलता येत नाहीत. धूळ, कागद, लाकूड, रंगातली खळ हे त्यांचं अन्नही प्रत्येक घरात असतंच. आपल्या हातात फक्त पाणी आहे. भिजलेली वस्तू २४ ते ४८ तासांत वाळली तर बुरशीला सहसा पाय रोवता येत नाहीत. ओल तशीच राहिली, तर कुठलंही औषध फवारा, पुढच्या श्रावणात ती पुन्हा हजर.

ही बुरशीच आहे ना?

भिंतीवर दिसणारा प्रत्येक डाग बुरशीचा नसतो. पांढरी, कापसासारखी किंवा पिठासारखी पूड दिसली तर बहुतेक वेळा तो लोणा असतो. पाणी भिंतीतून बाहेर येताना विटांमधले, जमिनीतले क्षार सोबत आणतं; पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात. चिमूटभर पूड पाण्यात टाका. विरघळली तर क्षार. बुरशी विरघळत नाही.

काळा डाग असेल तर कापसाच्या बोळ्याने त्यावर ब्लीचचा एक थेंब लावा आणि दोन मिनिटं थांबा. रंग उतरला तर बुरशी. तसाच राहिला तर धूळ किंवा काजळी. देवघराच्या वरच्या भिंतीवर निरांजन-उदबत्तीची काजळी बसते आणि ती पाहून घाबरणारी माणसं मी पाहिली आहेत.

नाकावरही विश्वास ठेवा. बंद ट्रंक उघडल्यावर येतो तो कुबट वास खोलीत सतत येत असेल आणि डाग कुठेच दिसत नसेल, तर बुरशी आडोशाला आहे. लोखंडी कपाटाची पाठ, पलंगाच्या बॉक्समधली प्लायची खालची बाजू, सिंकखालचं कपाट, फॉल्स सीलिंगच्या वर, तसबिरींच्या मागे टॉर्च मारून पाहा. टॉर्च भिंतीला जवळजवळ चिकटवून तिरका धरला की समोरून न दिसणारी लव आणि रंगाचे बारीक फुगवटे उठून दिसतात.

एक खुलासा इथेच करते. २०२१मध्ये कोविडनंतर ‘काळी बुरशी’ हा शब्द आपण सगळ्यांनी धास्तीने ऐकला. तो आजार म्हणजे म्युकरमायकोसिस. भिंतीवरचा काळा डाग म्हणजे तोच आजार घरात आला, असं नाही. पण भिंतीवरची बुरशी निरुपद्रवीही नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर स्वतंत्र मार्गदर्शिका काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर आणि दम्याचा त्रास जास्त होतो, असं त्यात नोंदवलं आहे. घरात दमेकरी, तान्हं मूल, केमोथेरपी चालू असलेलं किंवा अवयव प्रत्यारोपण झालेलं माणूस असेल, तर त्यांना त्या खोलीतून आधी हलवा. सफाईला त्यांनी हात लावायचा नाही. मधुमेह ताब्यात नसेल तर त्यांनीही.

पाणी येतंय कुठून?

हा भाग घाईने वाचू नका. निम्मे पैसे इथे वाचतात आणि चुकीच्या दुरुस्त्याही इथेच ठरतात.

डागाची जागा आणि वेळ, दोन्ही पाहा. डाग जमिनीपासून सुरू होऊन दोन-तीन फुटांवर आडव्या, वेड्यावाकड्या रेषेत थांबतो, त्या रेषेवर लोणा आहे, तर पाणी जमिनीतून वर चढतंय. छताच्या कोपऱ्यात किंवा खिडकीच्या खालच्या कोनात आहे आणि पावसानंतर एक-दोन दिवसांत गडद होतो, तर पाणी बाहेरून झिरपतंय. मेमध्येही डाग ओलाच, आणि भिंतीपलीकडे बाथरूम किंवा मोरी, तर नळ किंवा ड्रेनेज. आणि कुठल्याच पाण्याचा संबंध नाही, फक्त कपाटामागे, खोलीच्या थंड कोपऱ्यात बारीक ठिपके आहेत, तर हवेतली वाफ गार भिंतीवर बसते आहे.

शंका असेल तर फॉइलची चाचणी करा. पोळ्या गुंडाळायचा अ‍ॅल्युमिनियम फॉइल साधारण दीड फूट चौरस कापा, डागावर ठेवा आणि चारही कडा चिकटपट्टीने पूर्ण बंद करा. ओल्या रंगावर पट्टी टिकत नाही, म्हणून कडांजवळची भिंत आधी कोरड्या फडक्याने पुसा. दोन दिवसांनी काढा. भिंतीकडच्या बाजूला थेंब असतील तर पाणी भिंतीतून येतंय. खोलीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर दोष हवेचा. दोन्हीकडे ओल असेल तर दोन्ही कारणं आहेत, आणि जुन्या घरांत असं पुष्कळदा निघतं.

*जमिनीतून चढणारं पाणी.* दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या भागांतल्या जुन्या वाड्यांत, आमच्या घरातसुद्धा, विटा चुन्यात बांधलेल्या आहेत आणि पायाच्या वर ओल अडवणारा थर, ज्याला मिस्त्री डीपीसी म्हणतात, तो नाही. तरीही ही घरं पिढ्यान् पिढ्या टिकली, कारण चुन्याचा गिलावा श्वास घेतो. चढलेलं पाणी पृष्ठभागावरून उडून जातं. बिघाड आपण केला. चुना खरवडून सिमेंटचा गिलावा केला, त्यावर पुट्टी, त्यावर ऑइल पेंट. पाण्याला बाहेर पडायची वाट राहिली नाही, म्हणून ते आणखी वर चढलं. त्याहून वाईट उपाय म्हणजे तीन फूट उंच टाइल्स लावणं. डाग दिसेनासा होतो आणि दोन पावसाळ्यांनी टाइलच्या वर, चार फुटांवर दिसतो.

अशा भिंतीला आधी बाहेरून पाहा. रस्ता किंवा अंगण वर्षानुवर्षं भरत जाऊन घराच्या फरशीपेक्षा उंच झालंय का? कुंड्यांची रांग भिंतीला टेकलीय का? पन्हाळीचं पाणी भिंतीच्या मुळाशी पडतंय का? हे आधी सुधारा. यात फार खर्च नाही. मग आतला सिमेंटचा गिलावा डागाच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत काढा, विटा उघड्या वाळू द्या आणि पुन्हा चुन्याचाच गिलावा करा. चुन्याचं काम जाणणारा कडिया, म्हणजे गवंडी, शोधावा लागतो, पण जुन्या शहरात तो अजून सापडतो. जमिनीलगत भोकं पाडून रसायन भरायचं ‘इंजेक्शन’ हा शेवटचा उपाय आहे, पहिला नाही. बाहेरचं पाणी न वळवता तो केला तर पैसे वाया जातात.

*वरून आणि बाजूने.* गच्चीवरच्या चायना मोझॅकला (टाइल्सच्या तुकड्यांच्या फरशीला) तडे गेलेत का, पाणी जायची भोकं पानांनी बुजलीत का, कठड्याच्या पायाशी फट आहे का, ते बघा. खात्री करायची तर पावसाळ्याआधी गच्चीची भोकं बंद करा, दोन इंच पाणी भरा आणि २४ तास ठेवा. खाली डाग वाढला तर उत्तर मिळालं. गच्ची जुनी असेल तर इतकं पाणी तिला झेपेल का, हे मिस्त्रीला विचारल्याशिवाय भरू नका. फ्लॅटमध्ये वरच्यांच्या बाथरूमवर संशय असेल, तर भांडणाआधी हीच चाचणी त्यांच्या संमतीने त्यांच्या बाथरूममध्ये करा. नहाणी ट्रॅप, म्हणजे पाणी जायचं भोक, फडक्याने बंद करून इंचभर पाणी दिवसभर ठेवायचं. डोळ्यांसमोर सिद्ध झालं की दुरुस्तीचं बोलणं सोपं जातं.

*नळ.* रात्री झोपताना सगळे नळ घट्ट बंद करा, गच्चीवरच्या टाकीत पाण्याच्या पातळीवर खडूची खूण करा, सकाळी मोटर लावायच्या आधी बघा. पातळी उतरली तर कुठला तरी पाइप किंवा फ्लश गळतोय.

*हवा.* बडोद्याच्या पावसाळ्यात हवेतली आर्द्रता दिवसेंदिवस ८० टक्क्यांच्या वर असते, आणि बुरशीला आळा घालायला घरात ती ६० टक्क्यांच्या आत हवी. म्हणून पावसाळ्यात नुसत्या खिडक्या उघडून घर कोरडं होत नाही. कधीकधी बाहेरची ओल आत येते. अलीकडे वाढलेलं कारण एसीचं आहे. बेडरूममध्ये एसी १८वर चालवला की पलीकडच्या खोलीतल्या बाजूने ती भिंत गार होते आणि तिथली दमट हवा तिच्यावर दव धरते. त्याच भिंतीला कपाट टेकलेलं असेल तर त्याच्या मागे काळं येणारच. एसी २५-२६वर ठेवा, कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. काहीशे रुपयांचा आर्द्रतामापक आणून त्याच कोपऱ्यात ठेवा. अंदाजापेक्षा आकडा बरा. ओले कपडे घरात वाळवणं टाळा, कारण एका बादलीच्या धुण्यातून दोनेक लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. आंघोळ आणि स्वयंपाकानंतर एग्झॉस्ट आणखी वीस मिनिटं चालू द्या.

सफाई

पाण्याची वाट बंद केल्यावरच सफाईला लागा. नाहीतर तेच काम पुन्हा करावं लागेल.

किती जागा आहे ते मोजा. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने घरच्या घरी सफाईसाठी साधारण १० चौरस फुटांची, म्हणजे तीन बाय तीन फुटांच्या चौकोनाची मर्यादा सांगितली आहे. मला ती योग्य वाटते. त्याहून जास्त पसरलेलं असेल, किंवा पाणी गटाराचं असेल, तर अनुभवी माणसं बोलवा.

एन-९५ मास्क, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, डोळ्यांवर बंद गॉगल आणि लगेच धुता येतील असे कपडे घाला. ओढणी किंवा रुमाल बांधून बीजाणू अडत नाहीत. खोलीचं दार बंद, खिडकी उघडी, पंखा बंद. पंखा चालू ठेवून घासणं ही सर्रास होणारी चूक आहे; एका भिंतीवरची बुरशी त्याने घरभर पसरते.

कोरडी बुरशी कधीही ब्रशने झाडू नका. आधी साबणाच्या पाण्याची हलकी फवारणी करून ती ओली करा, दहा मिनिटं थांबा, मग ओल्या फडक्याने एकाच दिशेने पुसा. फडकं पुन्हा बादलीत बुडवायचं नाही. ते पिशवीत टाकून दुसरं घ्यायचं. खरवडलेले पोपडे जुन्या वर्तमानपत्रावर झेला आणि पुडी बांधून टाका.

त्यानंतर जागेप्रमाणे औषध. टाइल्स, काच, फरशी, कमोडच्या कडा अशा न शोषणाऱ्या पृष्ठभागावर ब्लीच चालतं. एक लिटर पाण्यात ६० मिलिलिटर, म्हणजे चहाचा अर्धा कप, दहा मिनिटं ठेवून धुवा. गिलावा आणि लाकूड यांवर ब्लीचचा उपयोग कमी. रसायन वरवर काम करतं, पाणी आत शोषलं जातं, आणि बुरशीला पुन्हा ओल मिळते. तिथे मी टाकणखार (बोरॅक्स) वापरते. एक लिटर कोमट पाण्यात चार मोठे चमचे विरघळवून ब्रशने लावायचा आणि पुसायचा नाही. वाळला की त्याचा पातळ थर राहतो आणि नवी बुरशी धरायला अडथळा होतो. मुलं, कुत्री, मांजरी यांच्यापासून तो दूर ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाची सूचना. ब्लीच दुसऱ्या कशातही मिसळू नका. आपल्याकडे संडास धुवायच्या लिक्विडमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचला लागलं की क्लोरिन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जीवघेणा ठरू शकतो. व्हिनेगर आणि अमोनियावाला काचेचा क्लीनरही ब्लीचसोबत नको. एकदा एक वापरलं, तर भरपूर पाण्याने धुवून दुसऱ्या दिवशीच दुसरं.

पुसून झाल्यावर भिंतीवर करडी छटा राहिली तर घाबरू नका. ती मेलेल्या बुरशीचा डाग आहे. आठवडाभर जागा कोरडी राहिली आणि वास आला नाही, म्हणजे काम झालं.

घरात पूर आला असेल तर

आत शिरण्याआधी मेन स्विच बंद आहे याची खात्री करा. सॉकेटपर्यंत पाणी पोचलं असेल तर इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय वीज चालू करू नका. बडोद्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. विश्वामित्रीत मगरी आहेत आणि २०२४च्या पुरात त्या वस्त्यांत आल्या होत्या. साप तर येतातच. पलंगाखाली, जिन्याखाली हात घालण्याआधी काठी आणि टॉर्च वापरा. मग पाण्याच्या रेषेसकट सगळ्या खोल्यांचे फोटो काढा, विम्यासाठी ते लागतात.

चिखल ओला असतानाच काढा. वाळला की तो दगड होतो आणि खरवडताना धूळ उडते. धुऊन झाल्यावर स्कर्टिंग उचकटा, कारण तिच्या मागे पाणी सगळ्यात जास्त साठतं. पुराच्या रेषेच्या एक फूट वरपर्यंत गिलावा काढून टाका. हे करताना जीव कासावीस होतो. मावशी दाराआड जाऊन उभी राहिली होती, तिला छिन्नीचा आवाज ऐकवत नव्हता. पण विटा उघड्या झाल्या, तेव्हाच भिंत वाळायला लागली.

काय ठेवायचं आणि काय नाही, यात कठोर व्हा. फोमची गादी, फुगलेलं प्लाय, पार्टिकल बोर्डची ट्रॉली, भिजलेली उशी टाकून द्या. कापसाची गादी फक्त वरून दमट असेल तर कडक उन्हात वाळवून पिंजून घेता येते. पुराच्या पाण्यात बुडलेली नाही. सागवान आणि शिसवी वाचतं, पण ते सावलीत हळूहळू वाळवा, उन्हात तडकतं. भिंतीतल्या फडताळात ठेवलेले दाणे, मिरच्या, पीठ यांवर बुरशी दिसली तर डबा रिकामा करा. शेंगदाण्यावरच्या बुरशीचं विष भाजल्याने पूर्ण जात नाही.

ओली पुस्तकं, पत्रिका, जुने फोटो यांना घाई चालत नाही. एकमेकांना चिकटलेली पानं ओढू नका. लगेच वाळवणं शक्य नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा. बुरशीची वाढ थांबते आणि सवडीने एकेक बाहेर काढून पंख्याखाली, पानांमध्ये टिपकागद घालून वाळवता येतं. मावशीच्या लग्नाचा शालू ट्रंकेत तळाशी होता. घडीच्या कडेला पांढरी लव आली होती. आम्ही तो सावलीत दोरीवर टाकला, पूर्ण वाळल्यावर मऊ ब्रशने गच्चीवर झटकला आणि ड्रायक्लीनला दिला. जरीच्या एका पदरावर डाग राहिला, बाकी शालू वाचला. डांबराच्या गोळ्या किड्यांसाठी असतात, बुरशी त्यांनी थांबत नाही.

रंग कधी द्यायचा?

सप्टेंबर २०२४मध्ये, गणपती घरी असताना, दोन रंगारी येऊन गेले. दोघांनी नवरात्राआधी हॉल चकचकीत करून देतो म्हणून सांगितलं. एकाने ‘वॉटरप्रूफ कोट’ मारला की पाच वर्षं बघायला नको, अशी हमीही दिली. तिसरा आला तो म्हातारा कडिया. त्याने उघड्या विटेला हाताचा तळवा लावला, थोडा वेळ तसाच धरला आणि म्हणाला, “बेन, भींतने सुकावा दो, पछी रंगनी वात.” म्हणजे, ताई, भिंत सुकू द्या, मग रंगाचं बोलू.

तेच बरोबर होतं. ओल्या भिंतीच्या आतल्या बाजूला मारलेला वॉटरप्रूफ कोट पाणी अडवत नाही, आत कोंडतो. पाणी अडवायचा थर पाण्याच्या बाजूने, म्हणजे बाहेरून किंवा गच्चीवरून द्यायचा.

नऊ इंची विटांची भिंत पूर्ण भिजली की वाळायला महिने लागतात. ऑगस्ट-सप्टेंबरात हवाच दमट असल्याने फारसं काही हलत नाही. खरं वाळणं पाऊस गेल्यावर, ऑक्टोबरच्या उन्हात सुरू होतं. तेव्हा सकाळी अकरा ते चार समोरासमोरच्या खिडक्या उघडा, पंखा भिंतीच्या समांतर लावा, लोणा येईल तो दर आठवड्याला कोरड्या ब्रशने झाडून बाहेर टाका. लोणा पाण्याने धुऊ नका, क्षार विरघळून परत आत जातात. लोणा यायचा थांबला, की फॉइलची चाचणी पुन्हा करा. रंगाऱ्याकडे ओल मोजायचं यंत्र असेल तर खालच्या भिंतीचा आकडा त्याच भिंतीच्या वरच्या, कधीही न भिजलेल्या भागाशी ताडून पाहा. दोन्ही जवळ आले की गिलावा करा, तो सिमेंटचा असेल तर आणखी महिनाभर थांबा, मग रंग. खालच्या तीन फुटांना चुना किंवा श्वास घेणारा साधा रंगच द्या, ऑइल पेंट नको.

दिवाळीला पाहुणे येणार आणि भिंत उघडी, हा संकोच मोठा असतो, मी तो अनुभवला आहे. आम्ही हॉलमध्ये भिंतीपासून हातभर पुढे बांबूच्या चौकटीवर सुती चादर ताणून लावली आणि खालून-वरून हवा जाईल एवढी मोकळी ठेवली. त्याच्यासमोर रांगोळी काढली. चादरीमागची भिंत वाळत राहिली.

दरवर्षी मेच्या शेवटी एक सकाळ याच कामाला द्या. गच्चीची भोकं आणि पन्हाळी साफ करा, कठड्याच्या फटी भरा, एसीची जाळी आणि पाणी जायची नळी धुवा, कपाटं पुढे ओढून मागची भिंत पुसा. आर्द्रतामापकाची बॅटरी बदला आणि तो घरातल्या सगळ्यात अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा.